शेवटच्या बाकासाठी

‘चारी नंबर नऊ’ हे एका रॉक बँडचं नाव आहे. कालव्याचं पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या फाट्याला श्रीरामपूर-राहुरीच्या पट्ट्यात चारी म्हणतात, आणि चारीच्या तोंडाशी नंबराची एक गंजलेली पाटी असते. तशाच एका पाटीवरून बँडला नाव मिळालं. पहिला अल्बम यायच्या आधी या बँडने चार गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड काढली. अशा रेकॉर्डला ही मंडळी ईपी म्हणतात. मोबाईलवर ती कुणालाही ऐकता येते. तिचं नाव ‘पाणी सुटण्याआधी’.

रेकॉर्डखाली दोन नावं आहेत. गायन आणि गिटार जॉय अमोलिक. शब्द आणि बेस गिटार मनवा मुळे. गाण्यांत ड्रम आहेत, चांगले ठळक आहेत, पण ते कुणी वाजवले याचा उल्लेख नाही. ऐकणाऱ्याला आधी वाटतं, लिहायचं राहून गेलं असेल. मग वाटतं, भांडण झालं असेल. रॉकच्या गाण्यात ड्रमवाल्याला लपायला जागा नसते. गाणारा श्वास घेतो तेव्हाही तो वाजतच असतो. मग एवढा आवाज करणारं माणूस गेलं कुठे?

ते माणूस पिठाच्या गिरणीत सापडतं.

एलिझाबेथ त्रिभुवन यांची गिरणी श्रीरामपूरच्या कडेला, देवळाली प्रवरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. वय पन्नाशीच्या अलीकडचं. अंगाने बारीक, मनगटं मात्र भरलेली. भुवयांवर सकाळपासून पीठ बसतं ते संध्याकाळी तोंड धुतल्यावर जातं, म्हणून दिवसभर त्या म्हाताऱ्या दिसतात आणि रात्री जेवताना एकदम तरुण. लग्न केलं नाही. का, असं विचारणाऱ्या बाईला त्या ‘दळण काय आणलंय, ज्वारी का बाजरी?’ असं विचारतात.

गिरणीचा पट्टा जुना आहे. जिथे तो जोडलाय ती जागा चाकावरून गेली की टक असा आवाज होतो. दळण चालू असेपर्यंत ही टकटक चालू. एलिझाबेथबाई डब्याच्या झाकणावर बोटांनी तिच्याबरोबर वाजवत असतात. हे त्यांना ठाऊक नसतं. गिऱ्हाइकांना ठाऊक असतं.

गिरणी त्यांच्या वडिलांची, बन्सी त्रिभुवनांची. बन्सी आठवडाभर दळण दळायचे आणि रविवारी चर्चमध्ये ढोलकी वाजवायचे. पोरीला त्यांनी दोन्ही शिकवलं. त्या चर्चमध्ये गाण्याची एक रीत आहे. ती कुणी ठरवली नाही, त्यामुळे कुणी मोडलीही नाही. तरुण माणसं पुढच्या बाकांवर बसतात, म्हातारी मागे, कारण दार मागे आहे, वारा तिथे आहे आणि खोकला आला तर उठून बाहेर जाता येतं. पुढच्यांची ओळ संपते तेव्हा मागच्यांचा एखादा शब्द अजून बाकी असतो. दम्याचं माणूस असेल तर दोन शब्द. मागचे आले, की मग सगळ्यांनी मिळून पुढची ओळ उचलायची. तोवर ढोलकी थांबते. थांबते म्हणजे बंद पडत नाही. थाप हातात धरून ठेवते.

एलिझा लहान असताना ही थाप तिच्या हातातून निसटायची. तेव्हा बन्सी तिच्या हातावर आपला हात ठेवायचे. ‘थांब,’ ते म्हणायचे. ‘शेवटचं बाक येऊ दे.’

पुढे बन्सींची बोटं वाकली आणि ढोलकी एलिझाबेथकडे आली. काही वर्षांनी तरुण संघाने वर्गणी काढून ड्रमचा सेट आणला. तो वाजवणारी मुलं एकेक करून पुण्याकडे, चाकणच्या कंपन्यांकडे गेली, आणि सेट चादरीखाली पडून राहिला. एका शनिवारी चर्च झाडताना एलिझाबेथबाईंनी चादर काढली. साडीत पायाचा ड्रम नीट वाजत नाही, म्हणून त्या रविवारी पंजाबी ड्रेस घालून येऊ लागल्या. वाजवण्यावर कुणी काही बोललं नाही, ड्रेसवर मात्र सहा महिने चर्चा झाली. पुढे गिरणीतही त्या तसाच ड्रेस घालू लागल्या.

जॉय हा त्यांच्या बहिणीचा मुलगा. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तो हंगामापुरता कामाला असतो. बाकीचा वेळ गिटार. मनवा एका पतसंस्थेत नोकरी करते. तिचे वडील शामकांत मुळे शाळेत शिकवायचे. मनवा गाणी लिहिते आणि बेस वाजवते. या दोघांनी सरावासाठी गिरणीची मागची खोली मागून घेतली, कारण गिरणीशेजारी आवाजाची तक्रार करायला कुणी येत नाही. ड्रमला एक मुलगा होता, तो नोकरी लागून गेला, ड्रम खोलीतच राहिले. त्यानंतर दोघं नुसतीच वाजवत बसायची आणि मधल्या रिकाम्या स्टुलाकडे बघायची.

एक दिवस दळण संपवून एलिझाबेथबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘मी वाजवून बघू का रे?’

‘मावशी, हे रॉक आहे,’ जॉय म्हणाला. ‘भजन नाही.’

‘बरं. म्हंजे जोरात का?’

मनवा हसली. जॉय हसला नाही, कारण त्याला मावशी ठाऊक होती. त्यांनी ओढणी कमरेला बांधली, स्टुलावर बसल्या आणि जोरात वाजवलं. गाणं संपल्यावर मनवाने जॉयकडे पाहिलं. तो गिटारची तार उगाच पिळत होता.

‘उद्या कधी येता?’ मनवाने विचारलं.

‘इथंच तर असते,’ एलिझाबेथबाई म्हणाल्या. ‘तुमीच येता.’

असे दोन हंगाम गेले. मनवाची गाणी हळूहळू बदलली. ओळी लांब होत गेल्या. आधी ती तीन-चार शब्दांत तोडायची, आता एकेक ओळ गिरणीच्या पट्ट्यासारखी लांबत जायची. असं का होतंय, याचा तिने तेव्हा विचार केला नाही. गाणी जमत होती, आणि जमणाऱ्या गोष्टीकडे कुणी संशयाने पाहत नाही.

मग पुण्याच्या एका लहानशा कंपनीने त्यांचा अल्बम काढायची तयारी दाखवली. अट एकच. आधी चार गाणी बाहेर येऊ द्या, लोक ऐकतात का बघू, मग बाकीची. त्या चार गाण्यांसाठी तिघं नगरला, सावेडीत, सुनीलच्या स्टुडिओत गेली.

निघायच्या आधी जॉयने विचारलं, ‘मावशी, रेकॉर्डवर तुझं नाव काय लावू? एलिझा त्रिभुवन?’

‘पूर्ण लाव,’ त्या म्हणाल्या. ‘एलिझाबेथ बन्सी त्रिभुवन.’

‘एवढं मोठं?’

‘एवढंच हाय.’

यापलीकडे त्यांनी काही मागितलं नाही. बन्सींची ढोलकी कुणी कधी रेकॉर्ड केली नव्हती. ते गेले तेव्हा त्यांच्या हाताचा आवाजही गेला. राहिला तो फोटो, आणि फोटोत ते ढोलकीशेजारी नुसते उभे आहेत. आपलं वाजवणं आणि त्याखाली आपलं नाव, बापाच्या नावासकट, हे कुठेतरी राहावं असं एलिझाबेथबाईंना वाटत होतं. हे त्यांनी मनवाला बसमध्ये सांगितलं, खिडकीकडे बघत, एखादा निरोप सांगावा तसं.

सुनील हा चांगला रेकॉर्डिस्ट. भजनी मंडळांपासून निवडणुकीच्या गाण्यांपर्यंत सगळं त्याच्याकडे होतं. त्याने एलिझाबेथबाईंच्या कानात हेडफोन दिले. त्यात एकसारखी टिकटिक चालू होती. तिच्याबरोबर वाजवायचं, म्हणजे पुढे सगळं एकमेकांवर नीट बसतं. आधी त्याने त्यांना नुसतं टिकटिकीवर वाजवायला सांगितलं. त्यांनी वाजवलं. सुनीलने काचेपलीकडून अंगठा दाखवला. गिरणीचा पट्टा हेच तर करत होता.

मग त्याने हेडफोनमध्ये बाजूच्या खोलीत गाणाऱ्या जॉयचा आवाज सोडला, आणि ड्रम सरकले.

‘ताई, टिकटिक ऐकू येतेय ना?’

‘येते की. कानातच हाय.’

‘मग ओळीच्या शेवटी कुठे जाता?’

‘कुठं जाते?’

‘तेच विचारतोय.’

पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. सुनीलला आता रागापेक्षा नवल वाटू लागलं. त्याने जॉयचा आवाज काढला, ड्रम सरळ. आवाज घातला, प्रत्येक ओळीच्या शेवटी ड्रम मागे. त्याने त्यांना आत बोलावलं आणि पडद्यावर दाखवलं. उभ्या बारीक रेषा म्हणजे टिकटिक. निळे फुगवटे म्हणजे त्यांचे ठोके. ओळभर फुगवटे रेषांवर बसलेले होते, आणि ओळ संपली की एक फुगवटा रेषा सोडून पलीकडे जाऊन बसलेला.

‘थकलेल्या माणसाची चूक वाढत जाते,’ सुनील म्हणाला. ‘घाबरलेल्याची कुठेही होते. ही तर दर वेळी त्याच जागी होते. आणि लांब ओळीला जास्त.’

एलिझाबेथबाई पडद्याकडे बघत राहिल्या. आपली पाठ आपल्याला कुणीतरी दाखवावी तसं त्यांना झालं. इतकी वर्षं ती आपल्याबरोबर होती, आणि तिच्यावर काय आहे ते इतरांनाच दिसत होतं.

‘मी थांबते व्हय?’ त्यांनी जॉयला विचारलं.

‘मला कधी जाणवलं नाही,’ जॉय म्हणाला. ते खरं होतं. तो लहानपणापासून पुढच्या बाकावर बसत आला होता.

‘हे सरळ करता येतं,’ सुनील म्हणाला. ‘कापून रेषेवर ओढायचं. ठोके तुमचेच राहतील.’

मनवाला ते रुचलं नाही. ती म्हणाली, असू द्या की तसंच. सुनील म्हणाला, तसं ठेवलं तर पुण्याचे लोक म्हणतील ड्रमर कच्ची आहे, आणि मीही कच्चा. शेवटी निर्णय एलिझाबेथबाईंनीच दिला. चूक दाखवली गेली होती आणि दुरुस्ती समोर होती. खडा निघाला की पीठ पुन्हा चाळायचं, यात वाद कसला?

‘सरळ कर बाबा,’ त्या म्हणाल्या.

सुनीलने ठोके सरळ केले. त्यावर जॉय पुन्हा गायला. लांब ओळी त्याला एका दमात झेपेनात, म्हणून सुनीलने त्या तुकड्यांत गाऊन घेतल्या आणि जोडल्या. जोड कुठे ऐकू येत नाही.

रेकॉर्ड बाहेर आली त्या रविवारी भक्ती, म्हणजे सकाळची उपासना, संपल्यावर चर्चच्या अंगणात चहा ठेवला होता. तिथल्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, चार मुलांसाठी प्रार्थना केली. मुलं दोनच आहेत आणि तिसऱ्या आपल्या एलिझाबेथबाई, हे कुणीतरी हळूच सांगितल्यावर त्यांनी डोळे न उघडता सुधारून घेतलं. मोठा स्पीकर पायरीवर ठेवला. जॉयने मोबाईल जोडला आणि चौथं गाणं लावलं. गिरणीत दळण घेऊन येणाऱ्यांनी ते सरावात इतक्यांदा ऐकलं होतं की अर्ध्या मंडळीला ते पाठ होतं.

*तुझ्या दाराशी उभं कोण ते एकदा उठून विचार,*
*वारा असेल, नाहीतर मी असेन.*

लोक गाऊ लागले. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या अंगणात गाणं वाजलं की माणसं गातात. पहिली ओळ बरी गेली. पुढच्यांनी ‘विचार’ म्हटलं, मागे कडुलिंबाखाली खुर्च्यांवर बसलेली म्हातारी मंडळी ‘एकदा उठून’पर्यंत आली, आणि स्पीकर पुढची ओळ घेऊन निघूनही गेला. पुढचे त्याच्या मागे धावले. मागचे आपली ओळ संपवून थांबले, सगळ्यांनी मिळून उचलायची म्हणून. उचलायला कुणी नव्हतं. मग कुणी पहिल्या ओळीवर, कुणी दुसऱ्या, कुणी नुसतेच टाळ्यांवर. एकेक आवाज गळत गेला. शेवटी स्पीकर एकटाच गात राहिला आणि माणसं चहाचे कप धरून त्याच्याकडे बघत राहिली, सुटलेल्या एसटीकडे बघावं तशी.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या, चांगल्या जोरात झाल्या.

मालनबाई लोखंडे कडुलिंबाखाली पहिल्याच खुर्चीवर होत्या. एलिझाबेथ ढोलकी शिकत होती तेव्हापासून चर्चमध्ये शेवटचं बाक त्यांचं. तेव्हा कडेवर पोर असायचं म्हणून, आता छातीत दम राहत नाही म्हणून.

‘काय गं एलिझा,’ त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘आज कुठं जायची घाई हुती? आमी बाकावरच ऱ्हायलो.’

अंगण हसलं. पाळकसाहेबही हसले. मालनबाईंच्या बोलण्यात राग नव्हता. त्या सगळ्यांनाच असं बोलतात. एलिझाबेथबाईंनी त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला आणि तो धुवायला गेल्या. नळावर त्या बराच वेळ होत्या. कप एकच होता.

दुसऱ्या दिवशी जॉय गिरणीत आला तो मोबाईल पुढे करतच. ‘मावशी, बघ किती जणांनी ऐकलं. पुण्याहून फोन होता. त्यांना आवडलंय.’

‘माझं नाव काढता येतं का त्याच्यातनं?’

‘काय?’

‘नाव. माझं. काढ.’

पट्टा चालू होता, म्हणून जॉयला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. एलिझाबेथबाईंनी बटण बंद केलं. चाक फिरत फिरत थांबलं.

‘मावशी, वाजवलंस तर तूच.’

‘वाजवलं मी. पण आता जे वाजतंय ते मी न्हाई.’

‘मालनआजीचं काय मनावर घेतेस? ती काहीही बोलते.’

‘ती बरूबर बोलली. माझं नाव बघून बोलली.’ त्यांनी सुपातली बाजरी उगाच हलवली. ‘माझ्या नावाखाली कुणी वाजवायला लागलं आन् लोकांना मागं टाकून गेलं, तर लोक मलाच इचारणार. त्यात मधी बापाचं नाव हाय.’

‘तूच म्हणालीस सरळ कर.’

‘म्हनले. मला कुठं म्हाईत हुतं मी काय करते ते? काल कळलं.’

जॉयपुढे दोन रस्ते होते. न कापलेले ठोके सुनीलकडे होते. ते घालून गाणी नव्याने चढवता आली असती, आणि मनवा फोनवर तेच म्हणत होती. पण पुण्याला आवडलं होतं ते सरळ केलेलं. त्याने रात्रभर विचार केला असं तो सांगतो. सकाळी त्याने नाव काढलं, गाणी तशीच ठेवली. मावशीला मेसेज केला, ‘काढलं.’ तिकडून अंगठा आला.

त्यानंतर एलिझाबेथबाई सरावाला येईनाशा झाल्या. भांडण नव्हतं. जॉय आला की चहा व्हायचा, तो मागच्या खोलीत जायचा आणि त्या पुढे दळत बसायच्या. रविवारी चर्चमध्ये त्या वाजवायच्या, आणि आता तिथेही त्यांना अवघड जाऊ लागलं. आपण थांबतो हे कळल्यापासून थांबणं पूर्वीसारखं होईना. ओळ संपत आली की मनात कुणीतरी म्हणायचं, आता थांब. आणि तेवढ्यात जागा निघून जायची, किंवा येण्याआधीच त्या थांबलेल्या असायच्या. चालताना पायाकडे बघणाऱ्या माणसासारखं. मग त्यांनी एक उपाय काढला. मान वर करून शेवटच्या बाकाकडे बघायचं, मालनबाईंच्या तोंडाकडे, आणि त्यांचे ओठ मिटले की ड्रमची काठी सोडायची. लहानपणी ढोलकीवर त्या असंच करायच्या. मधल्या वर्षांत बघायची गरज उरली नव्हती एवढंच.

मागच्या खोलीत अल्बमची तयारी चालू होती. ड्रम आता कॉम्प्युटर वाजवत होता. एकदा सांगितलं की चुकत नव्हता. चुकत होता जॉय. मनवाच्या लांब ओळी त्याला पुऱ्या होईनात. स्टुडिओत तुकडे जोडले होते, इथे जोडायला कुणी नव्हतं. ओळीच्या शेवटी तो हवेसाठी तोंड उघडायचा आणि कॉम्प्युटर पुढच्या ओळीत शिरलेला असायचा.

‘तू लिहितेसच इतकं लांब,’ तो मनवावर चिडला.

‘मी तेवढंच लिहितेय. दोन वर्षं गातोयस तू हे.’

‘तेव्हा दम पुरायचा.’

भिंतीपलीकडे पट्टा टकटक करत होता, आणि त्याच्यावर डब्याचं झाकण वाजत होतं. जॉय बराच वेळ भिंतीकडे बघत उभा राहिला. लहानपणापासून आपण जिथे श्वास घेत आलो ती जागा आपली नव्हती, ती कुणीतरी करून देत होतं, आणि ती आपल्यासाठीही केलेली नव्हती. दुसऱ्याच कुणासाठी ठेवलेल्या जागेत आपण सोयीने श्वास घेत आलो. हा विचार त्याला विचित्र वाटला. वाईट नाही, विचित्र.

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन करून तो गिरणीत आला आणि त्याने बटण बंद केलं.

‘अरे, बाजरी अर्धी हाय,’ एलिझाबेथबाई म्हणाल्या.

‘मावशी, अल्बमला तू वाजव. कापायचं नाही. टिकटिक नाही. मी सुनीलदादाशी बोलतो.’

‘आन् पुन्याचे?’

‘त्यांना सांगितलं. ते म्हणाले, पाठवा, ऐकतो. घेतोच असं म्हणाले नाहीत.’

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. झाकण उघडलं, पुन्हा लावलं. ‘मला आता आपसूक येत न्हाई रे ते,’ त्या म्हणाल्या. ‘समोर मालनकाकू लागतात.’

जॉयला हसू आलं. मग त्याच्या लक्षात आलं की मावशी अट सांगतेय.

मालनबाईंना नगरला न्यायला जीप केली. त्या ठेवणीतली साडी नेसून आणि पिशवीत भाकरी बांधून आल्या. स्टुडिओत शिरताच त्यांनी पदर खांद्यावरून लपेटून घेतला.

‘लई गार हाय हितं. मेलेल्या मान्सांना ठिवत्यात तसं.’

‘आजी, एसी बंद करतो,’ सुनील म्हणाला. सुनील या प्रकाराला का तयार झाला, हे त्याला विचारलं तर तो खांदे उडवतो. त्या निळ्या फुगवट्यांचं काय आहे ते त्याला बघायचं होतं, एवढं तो कबूल करतो.

त्याने ड्रमसमोर भिंतीशी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि मालनबाईंच्या कानांवर हेडफोन चढवले. पलीकडच्या खोलीत जॉय आणि मनवा. ‘आजी, तुम्ही मनात गायचं. आवाज काढायचा नाही. नुसते ओठ हलवा.’

‘म्हंजे मुक्यानं?’

‘हो.’

‘आन् मंग मला कशाला आनलंय?’

‘बसायला, काकू,’ एलिझाबेथबाई म्हणाल्या. ‘रोज बसता तसं.’

सुरुवात अंगणात वाजलेल्या त्या चौथ्या गाण्यानेच केली, अल्बमसाठी ते नव्याने घ्यायचं होतं. पहिल्यांदा मालनबाई ओठ हलवायचंच विसरल्या. यंत्रं बघत बसल्या. दुसऱ्यांदा त्यांचा डोळा लागला आणि एलिझाबेथबाई ओळीच्या शेवटी इतक्या थांबल्या की जॉयला वाटलं गाणं संपलं. सगळ्यांनी भाकरी खाल्ली. तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा मालनबाईंनी डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले आणि ओठ हलू लागले. जॉयची ओळ संपली. एलिझाबेथबाईंची काठी वर होती. खुर्चीवरचे ओठ अजून ‘उठून’वर होते, मग ‘विचार’वर आले, मिटले, छाती एकदा भरली, आणि काठी खाली आली. पुढच्या ओळीत सगळे एकदम शिरले. चौथ्या-पाचव्या ओळीनंतर एलिझाबेथबाई खुर्चीकडे बघेनाशा झाल्या. त्या खाली बघून वाजवत होत्या आणि थांबत होत्या.

शेवटच्या कडव्यात मालनबाईंना राहवलं नाही. त्या मोठ्याने गाऊ लागल्या, स्वतःच्या सुरात, आणि ‘वारा असेल’च्या ऐवजी ‘वारा येईल’. सुनीलने कपाळाला हात लावला, पण मशीन बंद केलं नाही.

‘ड्रमच्या माईकमध्ये आजी आल्या,’ गाणं संपल्यावर तो आत येऊन म्हणाला. ‘काढता येणार नाहीत. पुन्हा घ्यायला लागेल.’

जॉय मावशीकडे बघत होता. मनवा दारात उभी होती. मालनबाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. ‘म्या काय केलं?’

एलिझाबेथबाई कमरेची ओढणी सोडत होत्या. त्यांनी कपाळावरचा घाम टिपला, दोन्ही काठ्या एकत्र करून रबर लावलं आणि पिशवीत टाकल्या.

‘ऱ्हाऊ दे,’ त्या म्हणाल्या. ‘येवढं एक ऱ्हाऊ दे. बाकीची उद्या घेऊ, काकूंना पुन्हा आनू.’

अल्बम अजून आलेला नाही. पुण्याच्या लोकांनी तो ऐकलाय आणि कळवतो म्हणालेत. पण स्टुडिओतल्या त्या पहिल्या दिवशी, संध्याकाळी नगरहून परतताना, राहुरी सोडल्यावर मालनबाई मागच्या सीटवर झोपल्या होत्या. जॉय पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. एलिझाबेथबाईंनी मागून त्याच्या खांद्याला हात लावला.

‘आता लाव.’

‘काय?’

‘नाव.’ मग जरा थांबून, ‘पूर्ण लाव. बन्सी मधी.’